भेट त्याची, पसारा आपला

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टी लागून दोन दिवस झाले की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. "मी आता काय करू?" तिसऱ्या दिवशी त्या प्रश्नाला रडका सूर लागतो. आणि नेमके हेच दिवस सणाचे, पाहुण्यांचे, कुणाला ना कुणाला काहीतरी द्यायचे असतात. आज मला या दोन गोष्टींची गाठ घालायची आहे. एकीकडे तीन ते सात वर्षांची रिकामी मुलं, आणि दुसरीकडे त्यांनी आपल्या हातांनी केलेल्या भेटवस्तू.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने आजीसाठी एक शुभेच्छापत्र केलं. त्यावर एक घर होतं, घराला चार पाय होते आणि वर दात काढून हसणारा सूर्य होता. खाली मोठ्या अक्षरांत 'आजी' लिहिलेलं, पण 'जी'ची वेलांटी भलत्याच बाजूला गेलेली. रात्री ती झोपली आणि माझे हात शिवशिवायला लागले. मी कार्डाची वाकडी कड सरळ कापली. सूर्याचे दात पिवळ्या रंगाने बुजवले. वेलांटी जागेवर आणली. सकाळी तिने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे कुणाचं आहे? माझं कुठे ठेवलंस?" मग ती ते शोधायला लागली. उशीखाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मी तोंडाला कुलूप लावून बसले. खरं सांगायला मला संध्याकाळ उजाडली.

तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. आधीची तयारी हवी तेवढी करायची, पण एकदा का मुलाने ब्रश उचलला की आपला हात पाठीमागे. कागद कापून ठेवा, खळ शिजवून ठेवा, टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरा, ओलं फडकं जवळ असू द्या. हे सगळं काम आपलं. आणि शेवटी आवरणंही बहुतेक वेळा आपलंच. मधला तेवढा भाग त्याचा.

पण नुसता हात आवरून भागत नाही. कामच असं निवडायला हवं की वाकडं झालं तरी बिघडणार नाही. आपण फोटोत एखादी सुबक वस्तू पाहतो, हौसेने सामान जमवतो, मूल दहा मिनिटांत कंटाळतं आणि उरलेलं आपण रात्री जागून पुरं करतो. याला मुलाने केलेली भेट म्हणायचं का, तुम्हीच सांगा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला फाडता येतं, चिकटवता येतं, थापता येतं, ठसे मारता येतात. भेटवस्तू करायला एवढं भरपूर आहे. कात्रीने कागदाच्या कडेला चुटूक-चुटूक कापणं साधारण तिसऱ्या वर्षापासून जमायला लागतं, आखलेल्या रेघेवरून कापायला आणखी वर्ष-दीड वर्ष जातं. आणि मूल डावखुरं असेल तर कात्रीकडे एकदा नीट बघा. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं नेमकी रेघ झाकतं. शिवाय बोटांचा दाब उलट्या दिशेने पडल्यामुळे पाती एकमेकांपासून फाकतात आणि कागद कापला न जाता मधेच दुमडतो. आपण म्हणतो, किती वेंधळं पोर! डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, पाती उलट बसवलेली. ती आणून दिली की वेंधळेपणा त्याच दिवशी संपतो.

आता कागद फाडण्यातली एक गंमत. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. तेच आडवं फाडा, भलतीकडेच जातं. कागद यंत्रावर तयार होतो तेव्हा त्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या धावण्याच्या दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने तो सरळ फाटतो आणि घडीही त्याच दिशेने चांगली बसते. मुलाला कागद देण्याआधी ही दिशा आपण फाडून पाहायची आणि तसाच कागद हातात द्यायचा. तीन वर्षांचं मूलसुद्धा मग कात्रीशिवाय लांब पट्ट्या फाडतं. त्या रंगवायच्या, एकीची कडी दुसरीत अडकवून खळीने चिकटवायच्या, की घर सजवायला साखळी तयार. खळ म्हणजे काय, हे नव्या पिढीतल्या आईबाबांसाठी सांगते. एक भाग पिठात चार भाग पाणी घालून, गुठळ्या मोडून, मंद आचेवर दाट आणि जरा पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. थंड झाली की ती मुलाने हाताने फासली तरी चिंता नाही. मात्र दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी.

शुभेच्छापत्रासाठी मोजमापाची गरजच नाही. छपाईचा जो नेहमीचा ए-फोर कागद असतो, 210 बाय 297 मिलिमीटरचा, तो मधोमध दुमडला की अर्ध्या आकाराचा, पण त्याच घाटाचा कागद होतो. पुन्हा दुमडला की पुन्हा तोच घाट. लांबी-रुंदीचं प्रमाण मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. मुलाला एवढंच सांगायचं, कोपऱ्यावर कोपरा ठेव आणि नखाने घडी दाब. कोपरा हुकला तर हुकला.

आता माझ्या आवडीचा प्रकार. पांढरा कागद घ्यायचा, जरा जाड. पांढरा मेणाचा खडू, नाहीतर साध्या मेणबत्तीचा तुकडा घ्यायचा. मुलाला सांगायचं, जोर लावून चित्र काढ. ते काढतं आणि त्याला काहीच दिसत नाही. भुवया वर जातात, कागद तिरका धरून उजेडात बघतं. कधी चिडतंसुद्धा, "हा खडू चालत नाही!" मग जलरंगात भरपूर पाणी घालून मोठ्या ब्रशने कागदावरून फिरवायचं. मेणावर पाणी ठरत नाही. रंग बाजूच्या कागदात शिरतो आणि त्या निळ्या ओल्या पट्ट्यातून पांढरी रेघ वर येते. आधी एक कान, मग शेपटी, मग अख्खी मांजर. माझ्या मुलीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती ब्रश हातात तसाच धरून कुजबुजली, "ती आत होती." रंग दाट घेतलात तर मात्र तो मेणही झाकून टाकतो, म्हणून पाणी सढळ हाताने.

याचीच पुढची पायरी अशी: रंगवायचंच नाही. मुलाने मेणाने काढलेला, वरवर कोरा दिसणारा कागद पाकिटात घालायचा आणि सोबत चिठ्ठी, "यावर पातळ रंग फिरवा." आजोबांना पाकिटातून कोरा कागद मिळतो. मूल समोर बसून हसू दाबत असतं. मी आजवर पाहिलेल्या भेटींमध्ये ही एक फार वरची.

मिठाच्या कणकेबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ती सोपी वाटते आणि बिघडते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाऊण ते एक वाटी पाणी, तेही हळूहळू घालत. मळायचं काम मुलाचं. त्याआधी त्याच्या बोटांना कुठे खरचटलंय का ते पाहा, मीठ झोंबतं आणि मग सगळा बेत रडण्यात संपतो. गोळा हाताला चिकटेनासा झाला की लाटून अर्ध्या सेंटिमीटरची पोळी करायची. फार जाड ठेवली तर वरून वाळते, आत ओली राहते आणि तडकते. मग बोटं फाकवून पंजा ठेवायचा आणि दाबायचा. इथे प्रत्येक बोट जरा दाबून द्यायला आपला हात लागला तर माझ्या नियमात बसतं. टांगायची असेल तर ओली असतानाच नळीने भोक पाडायचं. हे मी दोनदा विसरले आहे आणि दोन्ही वेळा वाळलेल्या चकतीत भोक पाडताना तिचे दोन तुकडे झाले. वाळवायला ओव्हन 100 अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, अधूनमधून उलटत. घाईने आच वाढवलीत तर फुगते आणि तपकिरी होते. ओव्हन नसेल तर उघड्यावर चार-सहा दिवस, रोज एकदा उलटून. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे दमट दिवसांत चकती पुन्हा मऊ पडते. म्हणून पूर्ण वाळल्यावर रंगवून दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात द्यायचा. तो आपण, मुलाने नाही. आणि ही कणीक खाण्याची नाही हे दोनदा बजावा. घरात कुत्रा असेल तर तीन वेळा. एवढं मीठ पोटात गेलं तर त्याला विषबाधा होते.

हे उद्योग काही नवे नाहीत बरं का. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1837 साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, ओवणं, मातीकाम हे सगळं त्याच्या शिक्षणक्रमात होतं. मुलांना द्यायच्या खेळण्यांना तो 'भेटी'च म्हणायचा. पहिली भेट होती लोकरीचे सहा रंगीत चेंडू. आपण फक्त भेटीची दिशा फिरवतोय.

एक गोष्ट मात्र करू नका. "पाच कार्डं कर, मग तुला अमुक देते," असा सौदा. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी बालवाडीतली, चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्रं काढा, सोनेरी शिक्क्याचं आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच्या आसपास वेळच चित्रांना देत होती. म्हणजे आवडीचं काम आपण बक्षीस लावून मजुरी करून टाकतो. वीस नातेवाइकांना वीस कार्डं हवीत म्हणून मुलाला बसवून ठेवणं हीही मजुरीच. दोन करू दे. बाकीच्यांना आपण फोन करू.

लहान भावंडं घरात असतील तर मणी, बटणं, बिया यांची काळजी घ्या. कागदी रुमालाच्या रिळाची आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जी वस्तू आरपार पडते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. छोटी बटण-सेल आणि लोहचुंबक तर हस्तकलेच्या डब्यातच नकोत. गरम डिंकाची बंदूक मोठ्यांच्या हातात. आणि चमकीबद्दल माझं मत विचाराल तर ती मी घरातच येऊ देत नाही. गेल्या खेपेची अजून गालिच्यात सापडते.

एक शेवटची अडचण, जी कुणी आधी सांगत नाही. मुलीने मावशीसाठी कागदी मण्यांची माळ केली होती. मासिकाच्या रंगीत पानांचे लांब निमुळते त्रिकोण, रुंद टोकाकडून बारीक काडीवर गुंडाळायचे, शेवटी खळीचा ठिपका. मधे फुगीर, कडेला निमुळते असे सुरेख मणी होतात. दोन संध्याकाळी बसून तिने सतरा मणी केले, ओवले, पुडीत बांधले. मावशी आली, पुडी उघडली, माळ गळ्यात घातली, लेकीचं तोंड भरून कौतुक केलं. दहा मिनिटं झाली असतील. मुलगी मावशीच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली, "झालं ना तुझं घालून? आता दे."

मावशी समजूतदार. तिने माळ काढली, दोरा सोडला, नऊ मणी आपल्याकडे ठेवले आणि आठ तिला दिले. दोन तोकड्या माळा झाल्या. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक वस्तू दोन होतात, एक द्यायची आणि एक ठेवायची. तुम्हीही सामान काढताना दुपटीने काढा.

नमस्कार.