उंबरठ्याखाली जमीन नाही

[दृश्य: रोमन फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक. सकाळची उन्हं. कॅमेरा विया साक्रा या जुन्या रस्त्यावरून वर सरकत एका दारावर थांबतो.]

दार नीट पाहा. चौकट आहे, हिरवी पडलेली कवाडं आहेत, उंबरठाही आहे. नाही ती फक्त पायरी. खालच्या ओट्यावर उभं राहून उंबरठ्याला हात लावायचा, तर दहीहंडीसारखे थर लावावे लागतील. मग हे दार कोणासाठी केलं? गवंडी चुकला म्हणावं, तर इतकी मोठी चूक कोणी चारशे वर्षं खपवून घेत नाही.

दाराच्या पुढे दहा खांब उभे आहेत. समोर सहा, दोन्ही बाजूंना मागे दोन-दोन. हे रोमन मंदिराचे खांब. दार मात्र ख्रिस्ती चर्चचं. नाव सान लोरेन्झो इन मिरांदा.

[दृश्य: खांबाच्या दगडाचा जवळून घेतलेला शॉट.]

गोष्ट सुरू होते एका बायकोच्या मृत्यूपासून. सम्राट अँटोनिनस पायस गादीवर येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तोच राणी फाउस्टिना गेली. सिनेटने तिला देवत्व दिलं आणि इ.स. 141 मध्ये तिच्या मंदिराचं काम सुरू झालं. तिच्या नावाने नाणी पाडली गेली. त्यातल्या काहींवर सहा खांबांचं हे मंदिर दिसतं. गरीब घरच्या मुलींच्या पालनपोषणासाठी सम्राटाने तिच्या नावाने एक निधीही ठेवला होता.

खांबांसाठी दगड आणला ग्रीसहून, युबिआ बेटावरच्या कॅरिस्टोस गावच्या खाणीतून. हा हिरवट-पांढरा संगमरवर. त्याला इटालियन लोक म्हणतात चिपोलिनो, चिपोला म्हणजे कांदा. जवळून पाहिलं की नाव पटतं. चिरलेल्या कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे, मध्येच लाटेसारखे वळलेले. प्रत्येक खांब सुमारे 17 मीटर उंच आणि त्याचा मधला दंड एकाच अखंड दगडाचा. समुद्रातून, मग नदीतून आणि शेवटी जमिनीवरून ओढत हे दहा दगड इथवर आणले. क्रेन, ट्रक काही नसताना. पण हा विचार इथे करू लागलो, तर पुढे सरकणंच होणार नाही.

[दृश्य: खांबांवरचा शिलालेख. दुसरी ओळ आधी, पहिली नंतर.]

आता मान वर करा. दोन ओळी आहेत, पण वाचायच्या उलट्या, खालची आधी. ‘दिवाए फाउस्तिनाए’, म्हणजे देवी फाउस्टिनेला. पुढची आद्याक्षरं सांगतात, सिनेटच्या ठरावाने. मूळ मंदिर एवढंच, तिच्या एकटीचं. 161 मध्ये अँटोनिनस गेला, त्यालाही देवत्व मिळालं आणि नवं मंदिर बांधण्याऐवजी त्याला बायकोच्याच मंदिरात जागा दिली. वरची ओळ तेव्हा कोरली. ‘दिवो अंतोनिनो एत’, म्हणजे देव अँटोनिनसला आणि...

ओळ ‘आणि’वर संपते. खालची जुनी ओळ तिला जोडून वाचायची. सगळ्या फोरममध्ये मला आवडणारी ही सगळ्यात लहान गोष्ट, दोन अक्षरांची.

[दृश्य: शेजारच्या देवळांचे उरलेले खांब.]

चौथ्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवांची पूजा कायद्याने बंद झाली. त्यानंतर फोरममधल्या देवळांचं काय झालं, ते समोर दिसतंच आहे. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या देवळाचे उरले तीन खांब. संगमरवर फोडून भट्टीत घालायचा आणि चुना करायचा, हा रोममधला शेकडो वर्षांचा धंदाच होता. या मंदिराच्या भिंतींवरचंही संगमरवरी आवरण गेलं. आतले करड्या ज्वालामुखी दगडाचे चिरे आता उघडे पडले आहेत. पण चिरे राहिले, खांब राहिले, बाजूच्या पट्टीवरचे ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचे पंखवाले सिंहही राहिले. कारण इथे कोणीतरी राहायला आलं होतं.

ते कधी आलं? अंदाज सातव्या-आठव्या शतकाचा. चर्च झालं संत लॉरेन्सच्या नावाने. लॉरेन्स हा रोमच्या चर्चमधला डीकन, म्हणजे धर्मगुरूंचा मदतनीस, सम्राट व्हॅलेरियनच्या काळात 258 मध्ये मारला गेलेला. त्याला लोखंडी जाळीवर जिवंत भाजलं आणि ‘ही बाजू झाली, आता उलटा’ असं तो म्हणाला, अशी दंतकथा आहे. त्याला शिक्षा याच देवळात सुनावली, हीसुद्धा दंतकथाच. आपल्या गोव्यात झुआरीच्या काठी आगशीला जे चर्च आहे, तेही याच संताचं.

[दृश्य: खांबांच्या वरच्या भागातल्या तिरक्या खाचा.]

खांबांवर वरच्या बाजूला या तिरक्या खाचा आहेत. पर्यटकांना सांगतात, की मध्ययुगात दोर बांधून खांब पाडायचा प्रयत्न झाला, त्याचे हे वळ. ऐकायला झकास. दुसरं मत असं, की खांबांना टेकवून कधीतरी उतरतं छप्पर घातलं होतं, त्यासाठी या खाचा कोरल्या. मला दुसरं पटतं. दोराने इतक्या नेमक्या खाचा पडतील, असं वाटत नाही.

1430च्या सुमारास पोप मार्टिन पाचवा याने हे चर्च औषधविक्यांच्या संघाला दिलं. लॅटिनमध्ये यांना आरोमातारी म्हणत, सुगंधी द्रव्यं आणि मसाले विकणारे. म्हणजे आपले काष्ठौषधीवालेच. त्यांनी खांबांच्या मधल्या जागेत छोटी प्रार्थनाघरं बांधली. ती फार टिकली नाहीत. 1536 मध्ये सम्राट चार्ल्स पाचवा ट्युनिसची लढाई जिंकून रोमला येणार होता. पाहुण्याला प्राचीन वैभव दिसावं म्हणून खांबांमधलं बांधकाम पाडून टाकलं. मोठा माणूस येणार म्हटलं की रस्त्यावरची टपरी आधी हलते, तसंच.

[दृश्य: जुनं एचिंग. खांब जमिनीत रुतलेले, भोवती गुरं.]

आणि आता ते दार. टायबर नदीचे पूर, टेकड्यांवरून वाहून आलेली माती, पडक्या इमारतींचा राडारोडा, यांनी फोरम हजार वर्षं भरत राहिला. जिना बुडाला, ओटा बुडाला, खांबांचे पायही बुडाले. वर गवत उगवलं, गुरांचा बाजार भरू लागला. लोक या जागेला काम्पो वाच्चिनो म्हणत, गाईंचं मैदान. 1602 मध्ये वास्तुविशारद ओराझिओ तोरिआनीने चर्च नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा जमीन होतीच तिथे, वर. दार जमिनीलगत केलेलं होतं. गवंडी चुकला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वाचे लोक खणत गेले. जिना वर आला, त्याच्या मधोमध विटांच्या वेदीचे अवशेष सापडले आणि चर्चचं दार जागच्या जागी हवेत राहिलं.

खणणं तिथेही थांबलं नाही. 1902 मध्ये पुरातत्त्वज्ञ जाकोमो बोनीला मंदिराच्या शेजारी, रोमन फरसबंदीच्याही खाली थडगी सापडली. लोहयुगातली, रोमची गल्लीबोळं वसण्याआधीची. काहींमध्ये झोपडीच्या आकाराच्या मडक्यांत रक्षा होती.

[दृश्य: कॅमेरा फोरममधून बाहेर पडून इमारतीच्या मागे.]

चर्चमध्ये जायचं असेल, तर फोरममधून वाट नाही. वळसा घालून मागे, विया इन मिरांदा नावाच्या गल्लीत यायचं. औषधविक्यांचा तो संघ अजून इथेच आहे, फक्त आता सभासद औषधशास्त्र शिकलेले असतात. इकडे कोणी खणलेलं नाही. त्यामुळे रस्ता अजून फोरमच्या वरच आहे.