जुना मसाला: ओल्ड स्पाइस खरंच ‘काकांचा वास’ आहे का?

(टेबलावर दोन पांढऱ्या बाटल्या. एक नवी, चकचकीत. दुसरीवरचं जहाज जवळजवळ पुसलं गेलेलं.)

नमस्कार मंडळी. आज ट्रिमर नाही, फेसवॉश नाही. आज ही पांढरी बाटली. ओल्ड स्पाइस, ओरिजिनल. चारशेच्या आत मिळाली. मारुती रोडवरच्या दुकानदारानं हातात ठेवता ठेवता विचारलं, “वडिलांना का?”

वडिलांना नव्हती, मलाच हवी होती. पण मी पटकन ‘हो’ म्हणून मोकळा झालो. चाळिशीला आलेला माणूस आफ्टरशेव्ह घेताना खोटं का बोलतो, ते बघायला हा व्हिडिओ केलाय असं समजा.

नावाचं सरळ मराठी करून बघा. जुना मसाला. आपल्या सांगलीत जुना मसाला म्हटलं की लोक डब्याचं झाकण उघडून एकदा हुंगतात आणि आई म्हणते, टाकून दे ते, पोरकिडे झाले असतील. आणि त्याच नावाची बाटली लोक ऐंशीहून जास्त वर्षं तोंडाला लावतायत.

आधी आण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं येतो, कारण ही जुनी बाटली त्यांची. आण्णा मार्केट यार्डात अडत्याकडं दिवाणजी होते. हळदीचे सौदे जोरात असले की घरात दुसरा वासच नसायचा. सांगलीकरांना काय सांगायचं म्हणा. पण ज्यांनी यार्डातली हळद हुंगलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो वास आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीचा नसतो. मातकट, थोडा कडू, त्यात तागाच्या पोत्याचा वास मिसळलेला, आणि घशात बसणारा. आण्णांच्या नखांच्या कडा पिवळ्या, बनियनच्या बगला पिवळ्या, खिशातल्या नोटासुद्धा पिवळट. रविवारी सकाळी दाढी झाली की ही बाटली निघायची. तळहातावर दोनदा झटकायची. दोन्ही तळवे एकमेकांवर घासायचे, गालांवर चापट्या मारल्यासारखं लावायचं आणि मग दातांमधून एक लांब ‘स्स्स’. पैसे मागायचे ते त्या ‘स्स्स’नंतर, हे आम्हा भावंडांना पक्कं ठाऊक होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमचं खालचं कपाट चार दिवस पाण्यात होतं. फोटो गेले, आईच्या दोन पैठण्या गेल्या. ही निघाली. रिकामीच होती, पण बूच घट्ट होतं. (बाटली लेन्सजवळ धरून) ही बुचाखालची करडी रेघ दिसतेय? पुराचा गाळ आहे तो. मुद्दाम धुतला नाही.

आता गंमत बघा. बूच काढतो. आत थेंबसुद्धा नाही, कित्येक वर्षांत नाही. तरी नाक लावलं की काहीतरी येतं. गोडसर, व्हॅनिलासारखं, थोडं पावडरीसारखं. आणि ह्या नव्या बाटलीचं बूच काढलं की पहिल्यांदा येतं संत्र्याच्या सालीसारखं, मग मसाला, मग फुलं. मग जुन्या बाटलीतनं हे सगळं गेलं कुठं? उडून गेलं. संत्र्या-लिंबाच्या वासाचे रेणू हलके, ते आधी पळतात. मसाले आणि फुलं मध्ये. आणि व्हॅनिला, टोंका बी, लोबाणाच्या जातीचे राळेचे वास हे जड, ते तळाशी ठाण मांडून बसतात. सुगंधाचा धंदा करणारे ह्या तीन थरांना टॉप, मिडल आणि बेस म्हणतात. आमच्या घरी फक्त बेस उरलाय.

ही मुळात आली कुठून? 1934 साली अमेरिकेत विल्यम लाइटफूट शुल्ट्झ नावाच्या माणसानं शुल्टन कंपनी काढली. 1937 मध्ये त्यांनी हा मसालेदार वास बाजारात आणला, आणि ऐका, तो बायकांसाठी आणला. ‘अर्ली अमेरिकन ओल्ड स्पाइस’. त्याच्या आईच्या घरी वाळलेल्या पाकळ्या आणि मसाले घालून ठेवलेलं भांडं असायचं, त्यावरनं सुचलं असं सांगतात. पुरुषांसाठी आलं ते 1938 मध्ये. म्हणजे जो वास आपण ‘खास मर्दानी’ म्हणून डोक्यात बसवलाय, तो आईच्या भांड्यातनं निघून आधी बायकांकडं गेला आणि वर्षभरानं गड्यांच्या गालावर आला. बाटलीवर जहाज चढवलं, झाला मर्दानी. पुढं टीव्हीवर लाटेवर उभा राहिलेला तो गडी आला, मागं ते गरजणारं संगीत. आमच्या गल्लीत ती जाहिरात बघून आफ्टरशेव्ह आणणारे निम्मे लोक कृष्णेत गुडघ्याच्या वर उतरत नव्हते.

आणि मिरीसारखा मसाला आणायला लोकांनी जहाजं काढली ती आपल्याकडच्या किनाऱ्यांवर. ते जहाज बाटलीवर छापून तोच मसाला परत आपल्यालाच, आणि तोही हळदीच्या यार्डातल्या दिवाणजीला विकला. धंदा असा पाहिजे.

बरं. मी काय केलं, घरात तिघांना वास दिला. नाव सांगितलं नाही, पट्टीवर दोन थेंब टाकले आणि पुढं धरली.

बायको म्हणाली, “दाताच्या डॉक्टरकडचा वास येतोय.” मी हसलो, पण तिचं नाक एकदम बरोबर आहे. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक म्हणजे युजेनॉल. दात कोरल्यावर जे तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात तो वर्षानुवर्षं वापरला जातोय, म्हणून तो दवाखान्याचा वास. आणि कार्नेशनच्या फुलाला जो मसालेदार वास असतो, त्यामागंही हाच युजेनॉल. ओल्ड स्पाइसच्या मधल्या थरात कार्नेशन आहे, दालचिनी आहे. म्हणजे ज्याच्या लहानपणी दात दुखले त्याला ह्यात दवाखाना दिसणार, ज्याच्या लहानपणी गरम मसाला कुटला जायचा त्याला दिवाळी. मला काय दिसतं ते सांगितलंच, पैसे मागायची वेळ.

आईनं पट्टी हुंगली आणि थेट कपाळाला लावली. म्हणाली, “यूडीकोलन आहे काय?” आमच्या पिढीतल्या लोकांना आठवेल, ताप चढला की पाण्यात यूडीकोलन घालून रुमालाच्या घड्या कपाळावर ठेवायच्या. ते यूडीकोलन म्हणजे फ्रेंचमध्ये ‘कोलोनचं पाणी’. जर्मनीतलं कोलोन शहर. तिथं योहान मारिया फारिना ह्या इटलीहून आलेल्या माणसाच्या घराण्याची पेढी 1709 सालापासूनची. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास आणि अल्कोहोल, एवढीच त्याची मूळ कल्पना. अल्कोहोल भराभर उडतं, उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं, म्हणून कपाळ गार. लोक ते ऐटीत मानेलाही लावत होते, आपल्या घरी ते औषध होतं. मला तर आपलं बरोबर वाटतं.

तिसरा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, स्प्रे मारल्याशिवाय जिन्याखाली उतरत नाही. त्याला म्हटलं, दिवसभर लावून हिंड. दुपारी त्याचा मेसेज, “मामा, तासाभरात गायब. पैसे पाण्यात.” आणि शेवटी तो हसरा चेहरा, जो मला लागला.

पण इथंच लोकांचा गोंधळ होतो. भाचा त्याला परफ्यूमच्या मापानं मोजतोय. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आफ्टर शेव्ह लोशन. सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण असं असतं: आफ्टरशेव्हमध्ये 1 ते 3 टक्के, कोलनमध्ये 2 ते 5, ओ द टॉयलेटमध्ये 5 ते 15, आणि ओ द परफ्यूममध्ये 15 ते 20. बाकी बहुतेक अल्कोहोल आणि पाणी. म्हणजे ही तासाभरात उडते ते दुकानदारानं फसवलं म्हणून नव्हे. ती उडायलाच केलेली आहे. दाढीनंतर कातडी साफ करायची, जरा झटका द्यायचा आणि माणूस कामाला लागला की गप्प बसायचं. एसटीत शेजारच्याचं डोकं उठवणाऱ्या स्प्रेपेक्षा मला हा स्वभाव आवडतो. मेच्या उन्हात तर तुमचा वास तुमच्या अगोदर ऑफिसात पोचू नये, एवढी मर्यादा पाहिजेच.

आता ती आग. ‘स्स्स’ का होतं? आपल्या कातडीत उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यातला एक असाय की जो एरवी 42 अंशांच्या आसपास ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतो. अल्कोहोल लागलं की त्याची ती पातळी खाली येते, 34 अंशांच्या जवळ. म्हणजे तुमच्या स्वतःच्या अंगाची उष्णताच त्याला चटका वाटते. आणि हा तोच रिसेप्टर, जो मिरचीतल्या कॅप्सेसिननं जागा होतो. तांबडा रस्सा ओरपताना जीभ भाजते ना, भांडं कोमट असलं तरी, तोच प्रकार. गालावर रस्सा सांडलाय असं समजायचं आणि दहा सेकंद सोसायचं.

सोसायचं म्हटलं, पण सगळ्यांनी नव्हे. कोरडी कातडी असेल, पुरळ असेल, ब्लेडनं सोललं असेल, तर लावू नका. अल्कोहोल कातडी आणखी वाळवतं. शिवाय युजेनॉल आणि दालचिनीतला सिनॅमल, दोन्हींची काहींना ॲलर्जी असते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, दुसऱ्या दिवशी बघा. रक्त येत असेल तर तुरटी जास्त कामाची, ती कातडी आकसून रक्त थांबवते. आणि मेहरबानी करून ही शर्टावर ओतू नका. तळहातावर दोन झटके, बास.

अजून एक. त्याच नावाचा डिओ येतो, बॉडीवॉश येतो. ते लावून ‘ओल्ड स्पाइस आवडलं नाही’ म्हणू नका, त्यातल्या बऱ्याच वासांचा ह्या ओरिजिनलशी काही संबंध नाही. आफ्टरशेव्हमध्येच मस्क आणि फ्रेश लाइम असे प्रकार आहेत. लाइम उन्हाळ्यात बरं आहे. मस्कचं मला विचारू नका.

आणि ज्यांना लाज वाटते त्यांच्यासाठी. 1990 साली ही शुल्टनकडनं प्रॉक्टर अँड गॅम्बलकडं गेली. 2008 मध्ये अमेरिकेत काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली, करड्या बुचाचं तांबडं बूच झालं. आपल्याकडं काच टिकली. तिकडचे शौकीन आता ‘भारतात बनलेली’ असं बघून, वर पोस्टेज भरून, ही बाटली मागवतात. त्यांचं म्हणणं, जुन्या वासाच्या जास्त जवळ हीच. ते खरं की काचेच्या बाटलीची माया, ह्यात मी पडत नाही. पण मारुती रोडवर जिच्यापायी मी खोटं बोललो, तिच्यासाठी तिकडचा माणूस पंधरा दिवस पोस्टमनची वाट बघतोय.

माझं मत? पैसे वसूल. रोज नव्हे, दाढीच्या दिवशी. पहिली दहा मिनिटं जरा गोड आणि पावडरीची वाटते, तेवढी जाऊ द्या. विसाव्या मिनिटाला जे राहतं ते ह्या किमतीत मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

इथं व्हिडिओ संपणार होता. पण काल केस कापायला गेलो. लहानपणापासून ज्या सलूनमध्ये जातो तिथं आरशासमोर हीच पांढरी बाटली असते. नाना दाढी झाली की त्यातनं लावतात. माझ्या डोक्यातला ओल्ड स्पाइसचा निम्मा वास म्हणजे ती खुर्ची आहे. मी म्हटलं, नाना, ह्यावर व्हिडिओ करतोय, बाटलीचा फोटो घेऊ काय?

नाना म्हणाले, “घे की. पण आत ते न्हाई बरं का.”

“म्हणजे?”

“ती संपून धा-बारा वर्सं झाली. बाटली तेवढी ठेवलीया, गिऱ्हाइकाला बरं वाटतंय. आत सुटं असतंय. कॅन येतोय पाच लिटरचा.”

मी खिशातनं माझी नवी बाटली काढली. म्हटलं, आज ही लावा, खरी आहे. नानांनी बूच काढलं, नाकाजवळ नेलं, डोळे बारीक केले. परत एकदा हुंगलं. मग बाटली उलटी करून खालचं लेबल वाचलं.

“कुठनं घेतलीस?”

“मारुती रोडवरनं.”

“फसवलं की रं तुला,” नाना म्हणाले. “डुप्लिकेट हाय.”