सुमेरचे नागदेव: पाताळातला देव पहाट होऊन येतो तेव्हा

[कॅमेरा समोर. हातात मोठा छापील फोटो.]

नमस्कार मंडळी. आज आधी हा फोटो बघा, बोलणं नंतर.

हिरवट दगडाचा पेला आहे. उंची साधारण 23 सेंटीमीटर. मधोमध एक उभी काठी कोरलीय आणि तिला दोन नाग एकमेकांत गुंफून वर चढत गेलेत. आता वरच्या कडेला या. इथे पेल्याला ओतायची चोच आहे, आणि नागांची तोंडं नेमकी त्या चोचीपाशी पोचतात. म्हणजे देवापुढे या पेल्यातून धार धरली की ती नागांच्या तोंडाशीच सुटणार. कोरणाऱ्याने हे जाणूनबुजून केलंय. मी हा फोटो पहिल्यांदा मोठा करून पाहिला तेव्हा बराच वेळ त्या चोचीवरून नजर हलेना.

[फोटो स्क्रीनवर, बाजूच्या आकृती ठळक.]

नागांच्या दोन्ही बाजूंना हे दोन प्राणी उभे आहेत. अंग सापाचं, पुढचे पाय सिंहाचे, मागचे शिकारी पक्ष्याचे, पाठीवर पंख. याचं नाव मुशहुश्शू. मूळ शब्द सुमेरी, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरच्या भाषेतला: मुश-हुश. मुश म्हणजे साप, हुश म्हणजे उग्र. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

पेला सापडला आजच्या दक्षिण इराकमध्ये, टेलो नावाच्या ठिकाणी. सुमेरी लोक त्याला गिर्सू म्हणत. 1877 पासून तिथे फ्रेंचांनी उत्खनन केलं, म्हणून पेला आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावरचा लेख सांगतो की लगाश या सुमेरी नगरराज्याचा राजा गुदेआ याने आपल्या आयुष्यासाठी हा पेला आपल्या देवाला अर्पण केला. देवाचं नाव निनगिश्झिदा. काळ इसवी सनपूर्व 2120 च्या आसपास.

आता गंमत बघा. निनगिश्झिदा हा पाताळातला देव. तिथल्या दरबारात आसन वाहणारा अधिकारी. मग दीर्घायुष्य हवं असलेला राजा पाताळातल्या देवाकडे का जातो? आजचा सगळा व्हिडिओ या एकाच प्रश्नावर आहे.

उत्तराचा एक धागा त्याच्या नावात आहे. निन म्हणजे स्वामी, गिश म्हणजे झाड, झिदा म्हणजे खरं, चांगलं. खऱ्या झाडाचा स्वामी. थॉर्किल्ड याकोब्सन या विद्वानाने याचा संबंध झाडाच्या मुळांशी जोडला. मला हे फार पटतं. उकरलेलं झाड कधी बघितलंय? मुळं अगदी सापासारखी वळत, एकमेकांत गुंतत खाली जातात. खाली अंधार आहे, पण झाड जगतं ते तिथल्याच ओलीवर. साप बिळात जातो, पुन्हा वर येतो, कात टाकून नवा होऊन येतो. सुमेरी माणसाला मूळ आणि साप हे एकाच शक्तीचे दोन अवतार वाटले असतील, तर त्यात नवल काय?

[थोडं पुढे झुकून.]

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सुमेरचं पाताळ म्हणजे पापी माणसाला शिक्षा भोगायला पाठवायची जागा नव्हे. तिथे सगळेच जातात. राणी एरेश्किगल. सात दरवाजे, दारावर नेती नावाचा द्वारपाल. प्रत्यक्ष इनान्ना देवी खाली उतरली, तर तिच्याही अंगावरचा एकेक दागिना, एकेक वस्त्र प्रत्येक दरवाजावर काढून घेतलं गेलं.

खाली गेल्यावर तुमचं कसं होणार, हे बरंचसं मागे राहिलेल्यांवर अवलंबून. तुमच्या नावाने पाणी कोण सोडतं, यावर. गिल्गमेश हा राजा आणि त्याचा साथीदार एन्किदू यांची एक सुमेरी कविता आहे. तिच्या सुरुवातीला एका झाडाच्या मुळाशी साप बसलाय, असा साप की ज्याच्यावर मंत्र चालत नाही. शेवटी गिल्गमेश एन्किदूला पाताळाची हकीकत विचारतो. एक मुलगा असलेल्याचं काय? तो रडतोय. सात मुलं असलेल्याचं? तो धाकट्या देवांच्या पंगतीत बसलाय. आणि मग तो विचारतो, माझी जी बाळं जन्मताच गेली, त्यांना पाहिलंस का? उत्तर येतं: पाहिलं. सोन्याचांदीच्या मेजापाशी खेळतायत, पुढ्यात मध आणि तूप आहे.

[क्षणभर शांतता.]

चार हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी हे ऐकलं असेल. मला या ओळीपुढे दरवेळी थांबावं लागतं.

असो. निनगिश्झिदाच्या घराण्याकडे वळू. बाप निनअझू. नावाचा अर्थ वैद्य असलेला स्वामी. म्हणजे पाताळाशी जोडलेला आणि रोग बरा करणाराही. त्याचं एनेगी हे गाव. सुमेरी मंदिरस्तोत्रांत एनेगीला चक्क नळी म्हटलंय, एरेश्किगलच्या पाताळाची मोठी नळी. मातीत नळी रोवायची आणि मृतांसाठी पाणी खाली सोडायचं, ही तिथली रीत. अख्खं गावच ती नळी झालं. आता तो पेला आठवा, ती चोच, ती नागांची तोंडं. खाली काही पोचवायचं, तर ते यांच्यामार्फत.

मुलाच्या वाट्याला मात्र स्वतःच खाली जाणं आलं. निनगिश्झिदाला नावेत घालून पाताळाकडे नेतात. काठावरून त्याची बहीण आर्त हाका मारते, मलाही घेऊन चला म्हणते. तिला सांगितलं जातं की त्या नदीला पाणी नाही, त्या शेतात धान्य नाही, त्या मेंढ्यांना लोकर नाही. कशाला येतेस? दुमुझी या मेंढपाळ देवाचीही हीच गत. पुढच्या काळातली अदपा नावाच्या ज्ञानी माणसाची एक कथा आहे, अक्कादी या तिथल्याच दुसऱ्या प्राचीन भाषेतली. तीत अदपा शोकाचे कपडे घालून आकाशात अनू देवाच्या दाराशी जातो. कोणासाठी शोक, असं विचारल्यावर म्हणतो, आमच्या भूमीवरून दोन देव नाहीसे झालेत. दारात उभे असलेले द्वारपाल कोण, तर तेच दोघे, दुमुझी आणि गिझिदा, म्हणजे आपला निनगिश्झिदा! पाताळात हरवलेला देव स्वर्गाच्या दारात उभा.

[स्क्रीनवर: गुदेआचे मातीचे दंडगोल.]

आणि आता गुदेआचं स्वप्न. मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर ते लिहिलंय. राजाला मंदिर बांधायचंय, पण स्वप्नाचा अर्थ लागत नाही. तो नान्शे देवीकडे जातो आणि पाहिलेली एकेक खूण सांगतो. त्यातली एक खूण अशी, की क्षितिजावर माझ्यासाठी उजेड उगवला. नान्शे म्हणते, तो उजेड म्हणजे तुझा देव निनगिश्झिदा.

पाताळातला नागदेव, आणि तो दिसतो पहाट होऊन! कारण सूर्यही जमिनीखालूनच वर येतो. राजाने आयुष्य मागायला याचंच दार का ठोठावलं, ते आता कळतं. खाली जाऊन परत यायची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडेच ते मागायचं.

त्या मुशहुश्शूचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. एश्नुन्ना शहरात तो निनअझूकडून तिश्पाक या देवाकडे गेला. पुढे तो बाबिलोनच्या मार्दुक देवाचा झाला. बर्लिनमध्ये बाबिलोनचं इश्तार द्वार उभं केलंय, दुसऱ्या नेबुखद्नेझर राजाने बांधलेलं. निळ्या विटांवर रांगेने चालणारा तो लांब मानेचा प्राणी म्हणजे हाच. दीड हजार वर्षांत मालक बदलले, प्राणी टिकला.

इंटरनेटवर तुम्हाला सांगितलं जाईल की एन्की हा सुमेरचा सर्पदेव होता, किंवा अनुन्नाकी म्हणजे परग्रहावरचे सरडे. एन्की गोड्या पाण्याचा देव. त्याच्या खुणा म्हणजे कासव आणि अर्धा बोकड, अर्धा मासा असलेला प्राणी. आणि अनुन्नाकी म्हणजे देवांचा एक समूह, पुढे बहुतेक पाताळाशी जोडलेला. मातीच्या पाट्यांवरचं खरं लिखाण वाचा, ते या कल्पनांपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

[रात्रीच्या आकाशाचं चित्र.]

शेवटी एक काम देते. मुल-अपिन या बाबिलोनी तारकाग्रंथात सर्प नावाचा एक तारकासमूह आहे आणि त्यापुढे लिहिलंय: निनगिश्झिदा, पाताळाचा स्वामी. मराठीत आपण त्याला वासुकी म्हणतो. त्याच्या डोक्याशी आश्लेषा नक्षत्र आहे, आणि आपल्या पंचांगात आश्लेषाची देवता आहे सर्प. यावरून कोणी कोणाकडून घेतलं, हे मी म्हणत नाही. पण तारे तेच आहेत. एप्रिलमध्ये अंधार पडल्यावर गच्चीवर जा, डोक्यावरची कर्क रास शोधा, तिच्या जरा दक्षिणेला सापाचं डोकं दिसेल. तिथून आग्नेयेकडे लांबच लांब अंग गेलंय. दिसलं की खाली कमेंटमध्ये लिहा, कुठल्या गावातून दिसलं ते.