टपावरचं ऊन बॅटरीपर्यंत का पोचत नाही?

भोसरीतला एक गाळा. एप्रिलची टळटळीत दुपार. आत उभी आहे एक टेम्पो ट्रॅव्हलर; सीटं काढून तिच्यात गादी, छोटा ओटा आणि १२ व्होल्टचा फ्रीज बसवलाय. टपावर १०० वॉटचे दोन पॅनल. गाडी कोथरूडच्या एका जोडप्याची. पवनेच्या काठी मुक्काम टाकला, की पहाट व्हायच्या आत फ्रीज बंद पडतो. त्यांचं म्हणणं एवढंच : "दादा, तिसरा पॅनल टाकून द्या."

वायरमनदादा मात्र आधी मल्टिमीटर काढतात. आणि तेच योग्य आहे.

गाडी उन्हात घेतली. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सांगतो, १० अँपिअर येताहेत. म्हणजे पॅनल ठणठणीत. पॅनलची वीज बॅटरीला बेतानं देणारा तो कंट्रोलर; त्याच्या बॅटरीकडच्या टोकांवर १४.४ व्होल्ट. तोच मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर लावला, तर १३.७. मधले ०.७ व्होल्ट गेले कुठे? वायरीत. कंट्रोलर ड्रायव्हरच्या मागे, बॅटरी पार डिकीत. जाऊन-येऊन १० मीटर तार, तीही अडीच चौरस मिलिमीटरची. एवढ्या करंटला एवढी घट व्हायचीच.

यातली खरी मेख पुढे आहे. लेड-ॲसिड बॅटरी पुरती भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. कंट्रोलर स्वतःच्या टोकांवर तेवढे बघतो आणि हात आखडता घेतो. बॅटरी अजून अर्धवट भरलेली असते, तोवर दिवस मावळतो. असं रोज झालं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरीची ताकद कायमची उतरते. अशा गाडीवर तिसरा पॅनल चढवला, तर करंट वाढेल आणि वायरीतली घटही वाढेल.

म्हणून पहिला बदल जवळजवळ फुकटातला : कंट्रोलर उचलून बॅटरीशेजारी आणला. मधे हातभर जाड केबल, केबलीच्या टोकांना नीट दाबून बसवलेले (क्रिम्प केलेले) लग आणि बॅटरीलगत फ्यूज. फ्यूज बॅटरीलगतच हवा. दूर बसवला तर मधली केबल बिनसंरक्षणाची राहते, आणि गाडीच्या आगी अशाच केबलींतून लागतात. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. सोडवताना उलट. लागणारं सामान तपकीर गल्लीत मिळतं.

मग दादा टपावर चढले. हवेच्या पंख्याचं झाकण दुपारनंतर एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली टाकतं. कोपराच तर आहे, असं वाटतं. पण सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे तेवढ्या सावलीनंही निम्मा पॅनल बाद होऊ शकतो. पंखा हलवणं अवघड, पॅनल सरकवणं सोपं.

आता नवीन खरेदी. जुना कंट्रोलर पीडब्ल्यूएम जातीचा, म्हणजे पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणणारा. पॅनल १८ व्होल्टला पूर्ण ताकद देतो, बॅटरी १३ च्या आसपास; मधला फरक वाया. एमपीपीटी कंट्रोलर तो फरक करंटमध्ये बदलतो. पण पुण्याच्या उन्हाळ्यात टपावरचा पॅनल ६० अंशांच्या पुढे तापतो, तेव्हा ते १८ व्होल्ट १५-१६ वर येतात आणि एमपीपीटीचा फायदा आटतो. थंडीत तो पुरेपूर मिळतो, आणि गरजही तेव्हाच असते : डिसेंबरात पुण्याचा सूर्य भर दुपारीही ५० अंशांच्या वर चढत नाही, आडव्या पॅनलवर ऊन तिरकं पडतं. त्यामुळे एमपीपीटी घ्यावाच, असं आमचं मत.

लिथियम बॅटरी घ्यायची, तर कंट्रोलरचं सेटिंग बदलावं लागतं. शिवाय ती अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, थेट जोडू नये. रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट खेचते, की वरंधा घाटात पहिल्या गिअरवर चढताना अल्टरनेटर तापून बसेल. मधे डीसी-डीसी चार्जर हवा, म्हणजे गाडी चालताना अल्टरनेटरकडून बेतानंच करंट घेऊन बॅटरी भरणारा.

आणि तो चार्जर या जोडप्यानं आताच बसवून घेतला, तिसऱ्या पॅनलच्या पैशांत. जुलैत ताम्हिणीला दोन-दोन दिवस ढग हटत नाहीत. तिथे तीन पॅनलही फ्रीज चालवणार नाहीत, पण पुण्याहून मुळशीमार्गे तिथवरचा प्रवास बॅटरीत बरीच भर घालतो.