सर्व्हर सकाळी अडकला, पण बिघडला कधी?

नमस्कार मंडळी. आज इथे सीए ऑफिसवाले आहेत, भोसरी-चिंचवडचे वर्कशॉपवाले आहेत, हार्डवेअरची कामं करणारी पोरं पण आहेत, म्हणून एकच विषय घेतो. सकाळी सर्व्हर चालू केला आणि मध्येच अडकून बसला, तर करायचं काय?

आधी पॉवर बटणावरचा हात काढा. डिस्कचा लाईट लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, अपडेट बसत असेल नाहीतर डिस्क तपासणी चालू असेल, मोठ्या डिस्कवर याला तास-तास लागतात आणि त्यात बटण दाबून बंद केलं की नसलेला बिघाड तयार होऊ शकतो.

आता मुद्दा. बिघाड बहुतेक वेळा सकाळचा नसतोच. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, यूपीएस थोडा वेळ टिकतो, मग सर्व्हर पडतो, आणि सगळे म्हणतात लाईटनं घात केला. कधी केलेला असतोही. पण तो सर्व्हर कित्येक महिने रिस्टार्टच झालेला नसतो, आणि मधल्या काळात कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं, चालू मशीनवर ते दिसत नाही, पुढच्या वेळी सुरू होताना दिसतं. म्हणून मी गेल्या गेल्या विचारतो, शेवटचा रिस्टार्ट कधी झाला आणि त्यानंतर कोण कोण हात लावून गेलं.

विंडोजवर मला हे सगळ्यात जास्त डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या सेवेत, सापडतं. एकच सर्व्हर, तोच डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा, तोच डीएनएस. नेट स्लो आहे म्हणून कुणीतरी सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमधल्या डीएनएसच्या जागेतून त्याचा स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, काढतो आणि गूगलचं ते चार आठवालं डीएनएस, ८.८.८.८, टाकून जातो. ऑफिसातले पीसी अजून सर्व्हरलाच विचारत असतात, त्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. पुढच्या बूटला, म्हणजे पुन्हा सुरू होताना, मात्र सर्व्हर स्वतःचंच डोमेन शोधायला निघतो, विचारतो गूगलला, गूगलला तुमच्या ऑफिसातलं डोमेन कुठून माहीत असणार, मग 'अप्लाइंग कॉम्प्युटर सेटिंग्ज' वर गोल फिरत राहतं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. मालकाला वाटतं मशीन गेलं. मशीन ठणठणीत असतं हो! वाट बघा, किंवा नेटवर्कची केबल काढून बघा, पुष्कळदा तेवढ्यानं पुढे सरकतं, नाहीतर सेफ मोडमध्ये जा. आत गेल्यावर डीएनएसमध्ये सर्व्हरचा स्वतःचा आयपी परत टाका, बाहेरचं डीएनएस टाकायची जागा म्हणजे फॉरवर्डर्स, सर्व्हरच्या डीएनएसमधलीच वेगळी यादी. जुना स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११ स्टँडर्ड असेल तर मेलचं एक्स्चेंज पण त्याच मशीनवर असतं, डोमेन सापडेपर्यंत तेही ताटकळतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, तो आता बदलाच.

लिनक्सवालेही यातून सुटत नाहीत. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, लिहून ठेवली, नंतर डिस्क कुणी घरी नेली, की पुढच्या बूटला सिस्टीम दीड मिनिट तिची वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. त्या ओळीत 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

विंडोजच्या लोगोच्या आधीच अडकलं तर सगळे पेन ड्राईव्ह, बाहेरच्या डिस्क काढून बघा, मदरबोर्डची गोल बॅटरी बघा, सीआर २०३२, उतरली असेल तर तारीख आणि सेटिंग दोन्ही उडू शकतात.

जीवाला लागणारा प्रकार रेडचा, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम चालू राहावं म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कचा. तीनातली एक डिस्क कधीच मेलेली असते, नारिंगी लाईट लागलेला असतो, बझरचा त्रास होतो म्हणून तो कुणीतरी बंद केलेला असतो, आणि काम चालूच असतं. रिस्टार्ट झाला की रेड कार्ड स्क्रीनवर मेसेज देऊन एखादी की दाबायची वाट बघत थांबू शकतं, आणि सर्व्हरला मॉनिटरच लावलेला नसतो! म्हणून आधी मॉनिटर-कीबोर्ड लावा, मेसेज पूर्ण वाचा, फोटो काढा. डिस्क काढायची वेळ आली तर आधी मार्करनं नंबर टाका. आणि 'इनिशियलाइज' ला कृपा करून हात लावू नका, त्यानं डिस्कवरचा डेटा पुसला जाऊ शकतो, कुणी फोनवर सांगितलं तरी नाही, मार्च एंडिंगला टॅलीचा डेटा गेला की अख्ख्या ऑफिसची काय अवस्था होते ते इथल्या सीए लोकांना विचारा.

सुरू झाला की लगेच कामाला लागू नका. पहिला बॅकअप, तो पण दुसऱ्या डिस्कवर. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ६००८ नंबरची नोंद शोधा, म्हणजे अचानक कधी बंद पडला ते कळेल, आणि डिस्कच्या नावानं ७ नंबर दिसला तर बॅड ब्लॉक आहे, म्हणजे डिस्कचा काही भाग खराब झालाय, नवी डिस्क आजच मागवा. यापुढे महिन्यातून एकदा शनिवारी संध्याकाळी, बॅकअप घेऊन, माणूस समोर बसवून मुद्दाम रिस्टार्ट करा, म्हणजे काय अडतंय ते सोमवारच्या आत कळेल.

ज्यांनी अडकलेल्या स्क्रीनचे फोटो आणलेत त्यांनी पुढे या, एकेक बघू.