जुन्या लॅपटॉपला नवं वायफाय दिसत नाही? आधी हे बघा, मग खर्च करा

नमस्कार मंडळी. गेले काही आठवडे प्रत्येक व्हिडिओखाली तोच प्रश्न येतोय. "ताई, घरी नवीन फायबर आलं, मोबाइलवर मस्त चालतं, पण जुन्या लॅपटॉपवर वायफायचं नावच येत नाही." आज फक्त त्यावर बोलू.

नेहमीचं पटकन सांगते. राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, एअरप्लेन मोड बघा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांना कडेला वायफायचं सरकतं बटण असायचं, तेही बघा. हे तुम्ही केलं असणारच.

फक्त एक विनंती. रीस्टार्ट म्हणजे रीसेट नाही! राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. मागच्या व्हिडिओखाली एकाने हाच उपाय सुचवला आणि त्याला ढीगभर लाइक मिळाले, म्हणून कळकळीने सांगते. अनेक फायबर कनेक्शनांत तुमचं पीपीपीओई, म्हणजे कंपनीने दिलेल्या इंटरनेट लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड त्या डब्यातच साठवलेलं असतं. रीसेट केलं की तेही पुसलं जातं, आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत अख्खं घर बंद.

आता मुद्दा. नवा राउटर दोन बँडवर, म्हणजे दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बहुतेक वेळा दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं. २०१० ते २०१५ च्या दरम्यानच्या स्वस्त लॅपटॉपांत बहुधा फक्त २.४ वालं वायफाय कार्ड असतं. तुमचं कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि स्क्रीनवर दिसतेय ती ओळ टाइप करा.

[स्क्रीनवर कमांड: netsh wlan show drivers, पाच सेकंद थांबणे]

"रेडिओ टाइप्स सपोर्टेड" ही ओळ शोधा. तिथे ८०२.११ च्या पुढे फक्त बी, जी, एन आहे आणि ए किंवा एसी नाही? मग तुमच्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कितीही बदला, फरक पडणार नाही.

आधी हा उपाय करून बघा: २.४ चं नाव वेगळं करा. राउटरच्या सेटिंगमध्ये "बँड स्टीअरिंग" किंवा "स्मार्ट कनेक्ट" बंद करा, म्हणजे दोन नावं दिसतील. जुना लॅपटॉप २.४ च्या नावाला जोडा.

काहींचं म्हणणं, "ताई, नाव दिसतं, पण बरोबर पासवर्ड टाकूनही जोडत नाही." पासवर्ड बरोबरच असतो हो! अडचण सिक्युरिटीची आहे. नव्या राउटरवर अनेकदा डब्ल्यूपीए-थ्री ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत असते, आणि विंडोज सेव्हनला ते कळतच नाही. टू आणि थ्री मिश्र ठेवलं तरी काही जुनी कार्डं अडखळतात. त्याच २.४ च्या नावासाठी सिक्युरिटीत "डब्ल्यूपीए-टू पर्सनल, एईएस" निवडा. पासवर्ड काढून नेटवर्क उघडं ठेवा असं कुणी सांगितलं, तर अजिबात ऐकू नका.

आणि तिसरी तक्रार, "सगळं दिसायचं, राउटर बदलल्यावर गायब झालं." तुमचं कार्ड इंटेलचं ७२६० किंवा ३१६० असेल, तर जुन्या ड्रायव्हरला वायफाय सिक्स या नव्या पिढीच्या वायफायचं नेटवर्क दिसत नाही, हे इंटेलनेच सांगितलंय. इथे मात्र ड्रायव्हर अपडेट करा, मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग घेऊन, म्हणजे केबलने मोबाइलचं नेट लॅपटॉपला देऊन. लॅपटॉप अमेरिकेतून आलेला असेल, तर चॅनलही, म्हणजे बँडच्या आतल्या क्रमांक दिलेल्या जागाही, बघा. आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनल चालतात, तिकडची अनेक कार्डं १२ आणि १३ ऐकत नाहीत. राउटरवर १, ६ किंवा ११ ठेवा.

मुख्य वायफायला हात लावायची भीती वाटते? तर गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करा, फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए-टूवर. घरातले फोन आहेत तसेच राहतील. गेस्टवरून घरचा प्रिंटर बहुधा दिसणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि सेटिंगमध्ये हे काहीच सापडलं नाही, तर हेल्पलाइनला फोन करून एवढंच म्हणा, "२.४ चं नाव वेगळं करा आणि त्यावर डब्ल्यूपीए-टू ठेवा."

आमच्या शेजारच्या काकूंना दुकानात सरळ "नवा लॅपटॉप घ्या" सांगितलं होतं. त्या घरी शिकवण्या घेतात, सगळ्या नोट्स त्याच मशीनवर. वरची सेटिंग केली आणि काम पुन्हा सुरू झालं. मला खरंच राग येतो हो! चालणारं मशीन भंगारात काढायला सांगण्याआधी दोन मिनिटं सेटिंग बघायला काय हरकत आहे?

वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एका अँटेनाचं एन कार्ड २० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसची लिंक देतं, प्रत्यक्षात हाती त्याहून बरंच कमी येतं. क्लास, बँक, यूट्यूब, सगळं चालतं. जास्त हवं असेल, तर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँडवर चालणारा, यूएसबी अडॅप्टर घ्या, हजाराच्या आसपास मिळतो.

शेवटचं, वायफाय जोडलंय पण प्रत्येक साइट "असुरक्षित" म्हणतेय? लॅपटॉपची तारीख बघा. आतली घड्याळाची छोटी बॅटरी, बहुधा सीआर २०३२, संपली की घड्याळ वर्षानुवर्षं मागे जातं आणि साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेट चुकीची ठरतात. बॅटरी बदलून घ्या.

प्रश्न विचारताना राउटरचा मॉडेल नंबर आणि ती "रेडिओ टाइप्स"ची ओळ नक्की लिहा. नुसतं "चालत नाही" लिहिलं, तर मला काहीच सांगता येत नाही. चला, भेटू.