हातभर उंचीवरची थंडी

(दृश्य: सकाळ. मासुंदा तलावाचा काठ, फिरायला निघालेली कुत्री.)

डिसेंबर लागला की ठाण्यातल्या कुत्र्यांना हुरूप येतो. मे महिन्यात जिन्यातच बसकण मारणारा लॅब्रॅडॉर आता घरच्यांना ओढत तलावपाळीपर्यंत नेतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हाळ्यात चार पावलं टाकली तरी धाप लागते. त्यांच्यासाठी वर्षातले हेच दिवस मोकळ्या हवेचे. म्हणून आधी हेच सांगतो, की त्यांना बाहेर काढा, भरपूर फिरवा.

बर्फात घालायचे बूट, रस्त्यावरच्या मिठाने भाजणारे पंजे, हे सल्ले थंड देशांतले. आपल्याकडे पहाटे गारवा असतो आणि दुपारी पुन्हा पंखा लागतो. इथे प्राण्यांना थंडीपेक्षा जास्त त्रास होतो तो थंडीच्या दिवसांत आपण पेटवतो, उडवतो, कपाटातून बाहेर काढतो त्या गोष्टींचा. तो दिसायला हवा असेल तर जमिनीपासून हातभर उंचीवरून बघावं लागतं.

(दृश्य: घोडबंदर रोड, धुरकट सकाळ.)

हवेचंच घ्या. हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवा खाली बसते आणि धूळ, धूर तिच्यातच अडकून राहतो. घोडबंदरला बांधकामाची धूळ, तर महापे-रबाळ्याकडे कारखाने आणि ट्रक. आपलं नाक पाच फुटांवर, कुत्र्याचं फूटभर. धुरकं असेल त्या दिवशी पहाटेचा हट्ट सोडा. ऊन वर येऊन हवा हलू लागली की निघा. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसून घ्या, कारण ती धूळ तो चाटून पोटात घेतो.

स्वेटरबद्दल थोडंच सांगतो. पिल्लं, म्हातारी आणि अगदी आखूड केसांची बारीक कुत्री यांना पहाटे घाला आणि ऊन चढलं की काढा. हस्की किंवा सेंट बर्नार्डला घालू नका. त्यांच्या अंगावर दुहेरी केस आहेत, त्यांना इथली थंडीसुद्धा उबदारच.

उपवनपर्यंत फिरणं झालं की अनेकांची पावलं येऊरकडे वळतात. येऊरचं जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथल्या बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. उद्यानाच्या हद्दीत कुत्रा न्यायचाच नाही. पायथ्याच्या वस्तीतही अंधार पडल्यावर त्याला मोकळा सोडू नका. खाडीकाठी धोका उलट्या बाजूने असतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात रोहित पक्षी इथे चरायला येतात. एक कुत्रा चिखलात धावला तर अख्खा थवा उठतो आणि दूरवरून आलेल्या पाखरांचं खाणं मोडतं. पाणथळ जागेजवळ पट्टा हातात घट्ट असू द्या.

(दृश्य: पनवेलजवळचं शेत. मडकं, पाला, जाळ.)

थंडी आणि पोपटी यांची फारकत होऊ शकत नाही. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, उपडं मडकं आणि भोवती जाळ. वास असा सुटतो की माणूस थांबत नाही, मग कुत्रा कसा थांबेल? जाळ विझला तरी राखेखाली निखारे बराच वेळ धगधगत असतात, आणि वरून ती राख निरुपद्रवी दिसते. कुत्रा त्यावर सरळ पाय टाकतो. जागा पाणी ओतून थंड केल्याशिवाय पट्टा सोडू नका. दुसरी गोष्ट हाडं. शिजलेलं कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. पत्रावळी गोळा करून बांधून ठेवल्या तर निम्मी काळजी तिथेच मिटते. कुत्र्याला द्यायचंच असेल तर बिनमिठाचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन घरूनच डब्यात न्या.

नाताळच्या केकमधले मनुके कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर घाव घालतात, चॉकलेट हृदयावर. पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

(दृश्य: घर. कॉटवर गोधड्यांचा ढीग, त्यावर मांजर.)

मांजर घराबाहेर पडत नाही म्हणून ती सुरक्षित, असं वाटतं. पण ट्रंकेतून गोधड्या निघतात, त्यांच्या घड्यांतून डांबरगोळ्या घरंगळतात आणि मांजर त्यांच्याशी खेळू लागते. त्यांतलं नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. एक गोळी पोटात गेली तरी जीव धोक्यात येऊ शकतो. गोळ्या मोजून उचला, गोधड्या कडक उन्हात टाका आणि वास पूर्ण गेल्यावरच अंथरा.

सर्दीच्या दिवसांत घराघरांत पॅरासिटामॉल असतं. मांजर शिंकते, अंग गरम लागतं आणि कुणीतरी मायेने अर्धी गोळी दुधातून देतं. कृपा करून हे करू नका. मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते.

म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे गार लादीवर आखडतात. त्याच्या जागी जाड सतरंजी घाला. इमारतीखालच्या कुत्र्यांसाठी गोणपाट पुरतं, फक्त ते कोरडं हवं. पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, कारण मांजरं उबेला इंजिनापाशी चढून बसतात.

(दृश्य: संक्रांत. गच्च्यांवर पतंग, खाली मैदान.)

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर कितीतरी दिवस मैदानांतल्या गवतात तो सापडतो. धावणाऱ्या कुत्र्याच्या पायाला वेढा पडला की कातडी चिरत जाते. दोरा आधी कात्रीने कापून सैल करा, मग पाय सोडवा. मांजराचं संकट याहून मोठं. तिची जीभ खरखरीत, दोरा तिच्यावर अडकला की तो गिळण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर कितीही वाटलं तरी ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर ओढण्याने आतडं चिरतं. बाहेरचा दोरा आहे तसा ठेवून थेट डॉक्टरकडे जा.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण खारघर किंवा कासारवडवलीहून तिथे पोचायला तास-दीड तास जाऊ शकतो. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आजच शोधा, तिथे एकदा फोन करून खात्री करा, आणि तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका, आजी-आजोबांच्याही.